‘बनगरवाडी’तला भूगोल

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतो, असे सांगितले की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो अभ्यासक्रमाचा. कुठले बोर्ड, कुठली पुस्तके, परीक्षा कोण घेणार, हे सारे ओघाने येतेच आणि ते प्रश्न रास्तही आहेत. ठाण्यात आणि नवी मुंबईत होमस्कूलिंग करणारी जी कुटुंबे आमच्या परिचयाची आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी या प्रश्नाचे उत्तर म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या पालकांनी तयार केलेल्या पुस्तकांच्या याद्या स्वीकारल्या आहेत. वयानुसार लावलेली अशी यादी हाती आली की पालकांना धीर येतो, कारण आज काय वाचायचे हे कुणीतरी ठरवून दिलेले असते. त्या याद्यांतली कित्येक पुस्तके उत्तम आहेत आणि आमच्या घरीही ती वाचली जातात. परंतु त्यांतला वसंत बर्फ वितळल्यावर येतो, त्यांतला इतिहास इंग्रज वसाहतवाल्यांना अमेरिकेत नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजापासून सुरू होतो, आणि वर्षानुवर्षे त्यांतच वावरणाऱ्या घोडबंदर रोडवरच्या मुलाला स्वतःच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे नाव सांगता येत नाही. हे मी पाहिले आहे आणि मला ते मनापासून खटकते.

चांगल्या साहित्याच्या आधारे मुलांना शिकवायचे असेल, तर त्यासाठी लागणारे बहुतेक सारे मराठीत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यातले पुष्कळसे मुलांसाठी म्हणून लिहिलेले नाही, तरीही ते मुलांना पेलते. अट एवढीच की पुस्तक संपूर्ण वाचावे, मोठ्याने आणि सावकाश वाचावे, आणि वाचून झाल्यावर बोलण्याची पाळी मुलांची असावी. आमच्या घरी थोरली अकरा वर्षांची आहे आणि धाकटा आठ वर्षांचा. पत्नी सकाळी नोकरीला जाते, माझे मुद्रितशोधनाचे काम घरूनच चालते, त्यामुळे सकाळची शाळा माझ्याकडे असते. ज्यांच्या घरी दोघांनाही सकाळीच लोकल पकडावी लागते त्यांना हे जमणे कठीण आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

या पद्धतीचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या शार्लट मेसन यांचा जन्म १८४२ चा आणि मृत्यू १९२३ चा. इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशातल्या अँबलसाइड या गावी त्यांनी घरी जाऊन मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिका घडवण्याचे काम केले, आणि घरी शिकणाऱ्या मुलांच्या आयांसाठी १८८६ मध्ये ‘होम एज्युकेशन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे फार साधे होते. माहितीची जंत्री असलेले पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे. ज्याला त्या विषयाचा जिव्हाळा आहे अशा एका लेखकाने जीव ओतून लिहिलेले पुस्तक घ्यावे. उतारा एकदाच वाचावा आणि मुलाला तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. एकदाच, कारण पुन्हा वाचले जाणार आहे हे ठाऊक असले की मूल पहिल्यांदा ऐकतच नाही. सहाव्या वर्षापासून तोंडी सांगणे आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास लेखी सांगणे, असा त्यांचा क्रम होता.

हे वाचताना मला आमच्या आजीच्या घरातला चातुर्मास आठवल्याशिवाय राहिला नाही. श्रीधर कवीचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ ओसरीवर लावला जायचा, वाचणारे एकच असायचे आणि ऐकणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींना अक्षरओळख नसायची. दुसऱ्या दिवशी जी बाई आली नसेल तिला कालचा अध्याय दुसरी बाई विहिरीवर सांगायची, आणि सांगता सांगता त्यातल्या ओव्याच्या ओव्या म्हणून दाखवायची. त्या बायकांना कुणी प्रश्नोत्तरे घातली नव्हती. त्यांनी ऐकले होते आणि ते सांगण्याची त्यांना हौस होती. म्हणूनच मेसनबाईंची पद्धत ठाण्यातल्या मराठी घरात आणताना परकी वस्तू आणल्यासारखे मला कधी वाटले नाही.

आमचा दिवस वाचनाने सुरू होतो. पोहे किंवा उपमा खाऊन झाला की मी वाचायला बसतो. धाकटा चित्र काढत ऐकतो, थोरली पायांवर पांघरूण घेऊन पडून ऐकते, आणि दोघांनाही ‘नीट बस’ असे सांगायचे नाही हा आमचा नियम आहे. अर्धा तास वाचन होते, कधी त्याहून कमी. मग पुस्तक मिटायचे आणि ज्याची पाळी असेल त्याने सांगायचे. मध्ये टोकायचे नाही, विसरलेले आठवण करून द्यायचे नाही, चुकीचे नाव आले तरी वाक्य पुरे होऊ द्यायचे. सर्वांत अवघड असते ते सांगून झाल्यावरही गप्प राहणे. ‘मग यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न ओठांवर येतो आणि तो गिळावा लागतो. मुलाने जे सांगितले त्यातच ते काय शिकले हे दिसत असते. जे सांगितले नाही ते आज त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते, आणि प्रश्न विचारून ते पोहोचत नाही.

एक उदाहरण देतो. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगप्रवास करणाऱ्या फिलिअस फॉगची कादंबरी आम्ही मराठी अनुवादातून वाचत होतो. भारतातून जाताना रेल्वेमार्ग मध्येच संपलेला निघतो आणि फॉग एक हत्ती विकत घेतो, हे प्रकरण झाले. मालक भाड्याने द्यायला तयार नाही. फॉग ताशी दहा पौंड म्हणतो, मग वीस, मग चाळीस, आणि शेवटी भाड्याचा नाद सोडून तो दोन हजार पौंडांना हत्तीच घेऊन टाकतो. धाकट्याने हे सांगितले ते असे: “तो हत्तीवाला स्टेशनवरच्या रिक्षावाल्यासारखा नाही नाहीच म्हणत होता. फॉग चिडलाच नाही. तो फक्त आकडा वाढवायचा. त्याचा मित्र मात्र प्रत्येक आकड्याला दचकायचा. त्याला वाटलं याला वेड लागलं. पण फॉगला माहीत होतं की हत्तीपेक्षा वेळ महाग आहे.” शेवटचे वाक्य त्या प्रकरणात या शब्दांत कुठेही नाही, ते आठ वर्षांच्या मुलाने स्वतः बांधलेले आहे. त्यानंतर मी विचारावे असे काही उरले नव्हते.

याच पुस्तकाने आम्हाला घराजवळचा इतिहास दाखवला. मुंबईहून सुटलेली फॉगची गाडी पुलांवरून साष्टी बेट ओलांडते आणि कल्याणला पोहोचते, असे व्हर्नने लिहिले आहे. थोरलीने तिथेच हात वर केला. “म्हणजे तो ठाण्यावरून गेला!” साष्टी हे आपण राहतो तेच बेट, आणि ते ओलांडायचे म्हणजे ठाण्याच्या खाडीवरचा पूल. मग नकाशा आला, तारखा आल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, चौतीस किलोमीटर, पहिली प्रवासी गाडी धावली, आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडी ओलांडून हा मार्ग कल्याणपर्यंत गेला. फॉग मुंबईत उतरतो तो २० ऑक्टोबर १८७२ रोजी. थोरलीने हे आकडे ओळीने लिहिले आणि एक शंका काढली की वीस वर्षांत मार्ग अलाहाबादपर्यंत पोहोचला नसेल का. शोधल्यावर निघाले की मुंबई ते कलकत्ता हा जबलपूरमार्गे जाणारा रेल्वेमार्ग १८७० मध्येच पूर्ण झाला होता, म्हणजे फॉगला हत्ती घ्यायची वास्तविक काही गरज नव्हती. जगभर गाजलेल्या लेखकाने कथेसाठी रूळ उखडले, हे कळल्यावर तिला जो आनंद झाला तो पाठ्यपुस्तकातल्या ‘भारतातील रेल्वेचा विकास’ या शीर्षकाखाली कधी झाला नसता.

आता ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. ती मुलांची नाही, आणि त्यातले काही प्रसंग मोठ्यांचे आहेत, म्हणून मी ती आधी पुन्हा वाचून काढली आणि मग थोरलीसाठी निवडली. धाकटा आपणहून येऊन बसला. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर नेमणुकीवर जातो आणि पाहतो तो शाळेत मूलच नाही, कारण मुले मेंढरांमागे जातात. घरी शिकणाऱ्या मुलांना या गोष्टीची ओढ लागणे स्वाभाविक होते. शाळा आहे आणि मुले नाहीत, ही स्थिती त्यांना आपल्या स्थितीच्या नेमकी उलट वाटली आणि कितीतरी दिवस त्यांचे त्यावरच बोलणे चालले होते. मेंढरे राखणाऱ्या मुलांनी शिकायचे कधी, हा धाकट्याचा प्रश्न होता. त्याचे खरे उत्तर आमच्याच जुन्या जिल्ह्यात सापडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा होती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होते. शाळा मुलांकडे चालत गेली, हे धाकट्याने लगेच मान्य केले. त्याच्या मते मास्तरांनीही तेच करायला हवे होते.

मास्तर वाडीत रुळतो, लोकांची पत्रे लिहितो, भांडणे ऐकतो, त्यांच्याकडून श्रमदान घेऊन तालीम बांधतो आणि तिच्या उद्घाटनाला संस्थानचे राजे येतात. माडगूळकरांचे गाव औंध संस्थानातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते, आणि त्यांनीच १९३९ मध्ये राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘स्थानिक स्वराज्य’ हा शब्द माझ्या मुलीपुढे आला तो या राजांच्या मागोमाग आला. राजाने आपण होऊन सत्ता का सोडली असावी, यावर तिने आणि तिच्या आईने रात्री जेवताना पुष्कळ वाद घातला. तो मी मध्ये न पडता ऐकला.

आणि मग दुष्काळ. पाऊस येत नाही, मेंढरे मरतात, एकेक घर उठते, आणि सारी वाडी ओस पडते. हा भाग वाचला तेव्हा बाहेर ठाण्याचा जुलै चालू होता. गॅलरीत चार दिवसांचे कपडे ओले होते आणि खिडकी उघडली तर पाऊस पुस्तकावर येत होता. थोरलीने सांगायला सुरुवात केली आणि ती मध्येच थांबून म्हणाली, “बाबा, हा एवढा पाऊस तिकडे का नाही जात?” मी भूगोलाचा तास घ्यायला बसलो असतो तर हा प्रश्न मला तयार करावा लागला असता. महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा काढला. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरताना ते तापत आणि कोरडे होत जातात, आणि ‘बनगरवाडी’चा माणदेश त्या पर्जन्यछायेत पडलेला आहे. नकाशावर तिने बोटाने कोकणपट्टी, घाट, आणि मग आटपाडी अशी रेघ ओढली. त्या बोटाखालचे अंतर इतके कमी होते की तिला ते अन्यायाचे वाटले. पुढे ती माणगंगा शोधत बसली, मग मेंढपाळ पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कुठून कुठे जातात ते शोधत बसली. तिच्या वहीत त्या आठवड्यात जे लिहिले गेले त्याला भूगोल म्हणावे की मराठी, हे ठरवण्याचे मला कारण दिसत नाही.

संपूर्ण पुस्तकाचा मी इतका आग्रह धरतो तो यासाठीच. ज्याला वाडीतली माणसे नावानिशी ठाऊक झाली आहेत, त्यालाच वाडी उठल्याचे दुःख होते आणि त्यालाच पाऊस का पडला नाही हे विचारावेसे वाटते. बालभारतीविषयी मला आदर आहे. १९६७ पासून या संस्थेने खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती आपले मोठे लेखक दिले, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांची माडगूळकरांशी, बहिणाबाईंशी पहिली भेट त्याच धड्यांतून झाली. पण धडा दोन-तीन पानांचा असतो, त्याखाली लगेच स्वाध्याय असतो, आणि रिकाम्या जागा भरून झाल्या की त्या लेखकाशी असलेला व्यवहार पुरा होतो. पुष्कळ मुले तिथेच थांबतात. संक्षिप्त आवृत्त्यांबद्दल माझे मत याहून कडक आहे. ज्या पुस्तकाचे वर्णन, बोली आणि रेंगाळणे काढून टाकले आहे, त्यात फक्त काय घडले एवढेच उरते, आणि काय घडले हे तर कुणीही सांगू शकतो. बोधकथांच्या शेवटी छापलेले ‘तात्पर्य’ मी मुलांना वाचून दाखवतच नाही. गोष्टीने जे करायचे ते केलेले असते; त्यानंतर कुणी मोठ्या माणसाने येऊन तिचा अर्थ सांगणे हा गोष्टीवर आणि ऐकणाऱ्यावर दाखवलेला अविश्वास आहे.

‘किशोर’ मासिक मात्र याला अपवाद म्हणून सांगितले पाहिजे. ते बालभारतीचेच, १९७१ मध्ये सुरू झालेले, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. धाकटा स्वतः वाचायला लागला तो त्या अंकांवर.

पुस्तके आणायची कुठून, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि ठाणेकराला तो पडू नये असे मला वाटते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ जून १८९३ ची आहे. ते उभारण्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढे त्यांनीच ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. मुलांना मी हे सांगितले ते पायऱ्या चढताना सांगितले, आणि थोरलीने ताबडतोब हिशेब केला की त्या वयाला पोहोचायला तिच्याकडे अजून दहा वर्षे आहेत. जी पुस्तके आता दुकानात मिळत नाहीत, ती तिथे जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत मिळतात, कुणा जुन्या वाचकाने समासात पेन्सिलीने काढलेल्या रेघांसकट. मुलांना आपले पुस्तक आपण निवडू द्यावे आणि वाचून दाखवायचे पुस्तक पालकाने निवडावे, अशी आमची विभागणी आहे. त्यांच्या निवडीवर मी बोलत नाही. धाकट्याने लागोपाठ भुतांच्या गोष्टी आणल्या तरी चालते, कारण सकाळचा अर्धा तास माझ्या हातात आहे.

निसर्गाचा अभ्यास आम्ही दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ला धरून करतो. १९५६ मध्ये आलेल्या या पुस्तकात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक ललित लेख आहे. त्या त्या महिन्यात तो तो लेख वाचायचा आणि ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात जायचे, एवढाच आमचा विज्ञानाचा पाठ असतो. भाषा संस्कृतप्रचुर आहे, वाक्ये लांब आहेत, आणि एका लेखाला कधी चार बैठका लागतात. तरीही मुले कंटाळत नाहीत, कारण ज्या झाडाचे वर्णन ऐकले ते रविवारी डोळ्यांनी पाहायला मिळणार असते. काटेसावर पाने झाडून टाकते आणि उघड्या फांद्यांवर लाल, मांसल फुले धरते. त्यांतल्या मधासाठी बुलबुल, साळुंक्या, कावळे यांची झुंबड उडते. थोरली खाली पडलेले फूल हातात घेऊन बसली आणि तिने त्यातले पुंकेसर मोजायला घेतले, मग मोजणे सोडून त्याचे चित्र काढले, आणि चित्र काढताना तिच्या लक्षात आले की ते गुच्छागुच्छांनी असतात. घरी येऊन तिने लेखातला तो भाग पुन्हा वाचायला मागितला. एकदाच वाचायचे हा नियम अशा वेळी मोडावा, असे माझे मत आहे. तिच्या वहीत आता दोन वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी आहेत: पहिले फूल कधी दिसले, पळस कधी फुलला, ऐरोलीच्या बाजूला खाडीत रोहित पक्ष्यांचा पहिला थवा कधी दिसला. खाडीचा तो भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला, ही माहिती तिने त्या नोंदींखाली स्वतः लिहून ठेवली आहे.

इतिहासासाठी या वर्षी आम्ही विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घेतला. कोकणातल्या वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळवण्यासाठी काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि नेमका १८५७ च्या धामधुमीत सापडतो. झाशीच्या वेढ्यात तो गावात आहे, लूट आणि कत्तल तो स्वतः पाहतो, मिळवलेले पैसे पुन्हा पुन्हा लुटले जातात, आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन तो घरी परततो. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी संपादून प्रसिद्ध केले. ते मूळचे आपल्या शेजारच्या कल्याणचे. कत्तलीची पाने मी मुलीला एकटीला वाचून दाखवली आणि धाकट्याला वगळली. तो अजून लहान आहे, आणि साहित्याने शिकवायचे म्हणजे सारे काही आत्ताच शिकवायचे असे नव्हे. थोरलीने सांगताना लढाईपेक्षा अधिक वेळ घेतला तो भटजींच्या भीतीवर. शूर नसलेला, जीव मुठीत धरून कोपऱ्यात लपलेला माणूस इतिहासात असतो आणि तो इतिहास लिहूही शकतो, ही गोष्ट तिला नवी होती. सनावळ्या तिला पुढे पाठ कराव्याच लागतील. पण १८५७ म्हटले की तिच्या मनात आता तहानेने व्याकूळ झालेला एक माणूस येतो.

सगळेच विषय असे शिकवता येतात, असा माझा दावा नाही. गणित आम्ही बालभारतीच्या पुस्तकातून, रोज, नेमाने करतो आणि त्याला गोष्टींचा मुलामा देत नाही. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राला पुढे प्रयोगशाळा लागणार आणि तिची सोय करावी लागणार. परीक्षेचे म्हणाल तर, शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे आणि तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात घरशाळेची वेगळी तरतूद नाही. घरी शिकणारी बरीच मुले वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देतात, आणि आमचाही तोच विचार आहे. नातेवाइकांना हे सांगितले की त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडतो. उरलेला अर्धा ‘यांना मित्र कसे मिळणार’ या काळजीत असतो. त्याचे उत्तर आमच्या सोसायटीच्या आवारात रोज संध्याकाळी क्रिकेट खेळत असते.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही माझी विनंती आहे. रात्री झोपण्यापूर्वी वीस मिनिटे वाचून दाखवणे आणि पाच मिनिटे ऐकून घेणे हे क्लास, प्रकल्प आणि बसच्या वेळा सांभाळूनही जमते. मूल स्वतः वाचू लागले की पालक मोठ्याने वाचणे थांबवतात. माझ्या मते खरी सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण आठ वर्षांच्या मुलाचे कान जे झेलू शकतात ते वाचायला त्याच्या डोळ्यांना आणखी चार वर्षे लागतात. बोलीचे तर विशेषच. माणदेशी बोली छापलेली पाहून थोरली अडखळली असती. ऐकताना तिला ती दुसऱ्याच दिवसापासून कळू लागली, आणि आठवड्याभरात दोघेही एकमेकांशी तशी बोलू लागले.

श्रावणापासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ लावली आहेत. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांच्या, हाताखाली अक्षरे गिरवलेल्या या बाईंनी उतारवयात हे लिहिले. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, टिळकांचे न सांगता घरातून निघून जाणे, धर्मांतरानंतरची ताटातूट, हे सारे त्या इतक्या सरळ बोलल्यासारखे सांगतात की वाचणाऱ्याला आवाज शोधावा लागत नाही. थोरलीने यातली प्रकरणे लिहून सांगायला घेतली आहेत. रेघेच्या वहीत, शाईच्या पेनाने, आणि मी शुद्धलेखन तपासायचे नाही या अटीवर. व्यवसायाने मुद्रितशोधक असूनही ती अट मी मान्य केली आहे. चुकीच्या वेलांट्या वहीअखेर एकदम पाहू, असे आमचे ठरले आहे, आणि सध्या ती टिळक घर सोडून गेले त्या प्रकरणाशी आहे.